कंटेनरची ओटी

“तात्या, भामाकाकू कपाळाला कुंकू लावते का हो?”

पूजानं विचारलं आणि सुभेदार नाथाजींचा आमटीचा भुरका अर्ध्यावर तुटला. हे नवलच होतं. तात्यांचा भुरका एकदा सुरू झाला की वाटीचा तळ दिसल्याशिवाय थांबत नाही, हे त्यांच्या सातारच्या घराला ठाऊक होतं आणि तासगावकडच्या या मळ्यालाही.

रविवारची पंगत सोप्यात बसली होती. तात्या आणि बनुबाई, म्हणजे पूजाची थोरली आई, सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याहून उतरले होते, आणि त्यांचा प्रशांत मोटारसायकलवर मागोमाग. तात्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ शंभूराज, पूजाचे आप्पा, मान खाली घालून जेवत होते. आई भाकरी वाढायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली.

प्रश्न पूजाचा नव्हताच. तो आदल्या दिवशी सकाळच्या शाळेत आम्रपालीनं दिला होता. साताऱ्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून पूजाचे पाय जमिनीला लागत नव्हते. मास्तरांना उलटे प्रश्न, कंडक्टरला उलटे प्रश्न. “पूजा काय, कलेक्टरला पण गप्प करेल,” असं साक्षी म्हणाली, तेव्हा खिडकीशी बसलेली आम्रपाली आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली होती.

“कलेक्टर लांब ऱ्हायला. तुझ्या घरच्यांना इचार. समदी जेवायला बसल्यावर. एकच प्रश्न. हाय हिंमत?”

“दे की!”

तिनं दिला. पूजा खो खो हसली. “एवढाच? हा काय प्रश्न हाय?”

आम्रपाली हसली नव्हती. “मग इचारच.”

सगळ्या पोरींनी शपथ घातली. घाबरली तर स्पर्धेची ढाल महिनाभर साक्षीच्या घरी. आता ढालीसाठी का होईना, विचारलं होतं. आणि उत्तर देण्याऐवजी पाच मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती.

“हे तुला कुणी शिकवलं?” प्रशांतनं विचारलं.

“शिकवायचं काय त्यात, दादा? हो म्हणा नाहीतर न्हाई म्हणा.”

“जेवताना कसला गं कुंकवाचा इषय?” बनुबाई म्हणाल्या. “गप गिळ.”

आईच्या तोंडून मात्र सहज निघून गेलं, “न्हाई लावत गं. बौद्धवस्तीतल्या बायका न्हाई लावत. म्हणून तर संक्रांतीला हळदीकुंकवाला आपण त्यांना—”

“काकी!” प्रशांत ओरडला.

आई थांबली. भाकरी तिनं कुणाच्याच ताटात न वाढता परत टोपल्यात टाकली.

पूजाला अजूनही मजाच वाटत होती. काहीतरी नेमकं लागलंय, एवढं कळत होतं. कुठं लागलंय ते कळत नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच: आखातात द्राक्षं धाडायची म्हणजे बोटीचं भाडंच सगळं गिळून बसायचं, म्हणून गावातलं कुणी त्या वाटेला जात नव्हतं. मग सरकारनं त्या भाड्याचा काही भार उचलायचं ठरवलं. तात्यांनी साताऱ्यात बसून ही बातमी हेरली, गावातल्या बागायतदारांचा संघ केला, आणि आकारामपासून कोंडीबापर्यंत सगळ्यांचा माल एका कंटेनरमध्ये घालून दुबईला धाडला. चेअरमन तात्या, पॅकिंगची शेड आप्पांची, सरकारदरबारची धावपळ प्रशांतची. गावानं हार घातले. आणि पुढं तो कंटेनर दुबईच्या बंदरात नाकारला गेला. पेट्यांत घाण निघाली, बायकांनी हलगर्जी केली, असं घरात सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये पॅकिंग करणारी भामाबाई आणि तिच्या चौघी जणी कामावर आल्या नाहीत. पूजानं फार विचारलं नाही. स्पर्धा तोंडावर होती.

उद्या पुण्याहून साहेब येणार होते. शेड बघणार, चौकशी करणार, आणि संघाला भाड्याची मदत पुढं द्यायची की नाही ते ठरवणार. त्यासाठीच तर हे सगळे जमले होते.

“पण कुंकवाचा आणि पेट्यांचा काय संबंध?” तिनं विचारलं.

शेवटी आप्पा ताटाकडं बघतच म्हणाले, “पेट्यांत कुंकू निघालं, पूजा. कुंकू आन् तांदूळ.”

पूजाला कंटेनर निघाला ती संध्याकाळ आठवली.

दिवस मावळत होता त्या दिवशी. बायका शेवटची पेटी बांधून घरी गेल्या होत्या. कंटेनर भरून उभा होता, दार लावायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात तात्या म्हणाले, “थांबा रं. पयली खेप हाय. फौजेत नवी गाडी आली तरी नारळ फोडल्याबिगर आमी चाक हलवलं न्हाई. ह्यो तर परमुलखाला निघालाय.” बनुबाई म्हणाल्या, “नुसता नारळ कसा? आपली लेकच सासरी निघाली म्हणायची. ओटी भराया पायजे.” आणि तबक आलं. तांदूळ, हळद, कुंकू, खण, नारळ. घरच्या लेकीच्या हातनं भरायची म्हणून तबक पूजाच्या हातात आलं. दाराशी रचलेल्या पेट्यांची झाकणं प्रशांतदादानं उचलून धरली. एका पेटीत चिमूटभर टाकून भागलं असतं. पण एका पेटीवर थांबेल ती पूजा कसली! तिनं वरची अख्खी ओळ घेतली. या पेटीत मूठ, त्या पेटीत मूठ, वर गाणं. ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या. आई तोंडाला पदर लावून हसत होती. “भरली गं बाई ओटी,” बनुबाई म्हणाल्या, “आता सुखानं नांद.”

कंटेनरच्या गार हवेत घडांना पाणी सुटलं असणार. कुंकू पाघळून घडाघडांतून लाल ओघळ गेले असणार. आणि दुबईत दार उघडल्यावर पहिली दिसली असणार ती तीच ओळ.

“म्हणजे ते... मी—”

“तू गप!” तिघे जण एकदम म्हणाले.

तेव्हा पूजाला कळलं की या घरात हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिलाच तेवढं नव्हतं. तिचे कान तापले.

“आता निघालाच इषय तर ऐका,” प्रशांत मांडी बदलून म्हणाला. “उद्या सायबाला सांगायचं, पॅकिंगच्या बायकांच्या कपाळाचं कुंकू पेट्यांत पडलं, त्यांना आमी काढून टाकलं, नव्या बायका घेतल्या. इषय मिटला.”

“पण त्या कुंकू लावतच नाहीत!”

“पुण्याच्या सायबाला काय ठाऊक, कोण लावतंय आन् कोण न्हाई?”

“आपल्याला ठाऊक हाय की रं,” आप्पा हळूच म्हणाले.

तात्यांनी वाटी खाली ठेवली. त्यांचा आवाज परेडच्या मैदानावरचा होता, पण आज त्याला तडा गेल्यासारखा झाला होता. “शंभू, मला काय ग्वाड वाटतंय व्हय? पण आकारामचा माल हाय त्यात, कोंडीबाचा हाय. चेअरमनच्याच घरानं घोळ घातला म्हटल्यावर संघाचं नाव कटाप. भाड्याची मदत गेली की समद्या गावानं पुन्ना मुंबईच्या दलालाच्या दारात बसायचं. तिथं पाच बायकांचं काम गेलं तर जाऊ दे. दुसरीकडं मिळंल त्यांना.”

“आन् तांदळाचं काय सांगशील?” आईनं विचारलं. “तांदूळ पण कपाळाला लावत्यात व्हय बायका?”

“भाकरी बांधून आणत्यात, भात आणत्यात. पडला आसंल,” प्रशांत म्हणाला. त्यालाही ते फार पटलेलं दिसलं नाही.

पूजा उठून उभी राहिली. वक्तृत्वात पहिल्या आलेल्या मुलीला उभं राहिल्याशिवाय बोलता येत नाही. “मग माझं नाव सांगा. मीच टाकलंय. माझ्या हातानं. मी सांगते साहेबांना.”

तिला वाटलं होतं, सगळे चपापतील. नको गं बाई म्हणतील. प्रशांतचा चेहरा मात्र एकदम उजळला.

“ह्ये बेस हाय की! आई, आपल्याला सुचलंच न्हाई बघ. ल्हान पोर हाय, खेळता खेळता टाकलं, घरात कुणाला पत्ता न्हाई. सायबाला पण पोरीबाळी असतील. हसून सोडून देईल.”

“व्हय की,” बनुबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास मोकळा झालेला पूजाला ऐकू आला. “पोरीला कोण काय म्हणतंय?”

तात्या विचारात पडले. “पोरगी कुणाची म्हणत्याल?”

“शंभूकाकाची,” प्रशांत म्हणाला.

मग आई ताठ झाली. एवढ्या वर्षांत थोरल्या जाऊबाईंपुढं तिचा पदर डोक्यावरून ढळला नव्हता. आत्ता तो खांद्यावर आला आणि तिनं तो सावरला नाही.

“म्हंजी साताऱ्याचं घर सुटलं. सांगितलं तात्यांनी, तबक तुमी दिलंत, झाकणं ह्या बाबानं धरली. आन् नाव माझ्या पोरीचं?”

“तू काय कमी हसत हुतीस गं?” बनुबाई कडाडल्या. “आता लय शानी झालीस! बायकांवर घालायचं ठरलं तवा कुठं हुती तुझी जीभ? तवा भाकऱ्या थापत बसलीस.”

आईनं टोपल्यातल्या भाकऱ्यांवर फडकं ओढलं. पूजानं आशेनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा ताटात बोटानं रेघा ओढत होते. ते तिच्या बाजूनंही बोलले नाहीत, भामाबाईच्याही नाही, आणि भावाच्याही नाही.

“हात धुवा,” तात्या म्हणाले. “झोपून उठल्यावर बघू.”

म्हणजे ठरलंच.

घर आडवं झालं तेव्हा पूजा मागच्या दारानं निघाली. बागेतून वाट होती, खुडलेल्या वेलींमधून. आपण खरं बोललो तर निदान एक जण तरी वाचेल असं तिला वाटलं होतं. आणि तिचं खरं बोलणं त्यांनी झेललं होतं, भाजीवर फुकट मिळालेली कोथिंबीर झेलावी तसं. तिचं खरंसुद्धा त्यांच्या खोट्यात चपखल बसत होतं. याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

भामाबाईच्या घरी तिची आम्रपाली दारात बसून भांडी घासत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “इचारलंस?”

“विचारलं.”

“समद्यांसमोर?”

“समद्यांसमोर.”

“मग काय म्हणाले?”

पूजा तिच्यासमोर उकिडवी बसली. आम्रपालीनं राखेचा हात थांबवला. “मला वाटलं हुतं तू इचारणारच न्हाईस. मला वाटलं, तुला समदं ठाऊक हाय, आन् तरी शाळंत हसतीयास.”

“ठाऊक नव्हतं गं. शप्पथ. आता ठाऊक झालंय.”

तेवढ्यात भामाबाई आली. आकारामच्या कांद्याच्या रानात खुरपायला गेली होती. मातीनं पाय भरलेले, डोक्याला फडकं बांधलेलं. सबंध जिल्ह्यात तिच्यासारखा घड पेटीत बसवणारी बाई नाही, असं तात्याच हार घालून घेताना बोलले होते. पूजाला बघून ती थबकली. “काय गं? आप्पांनी धाडलं व्हय?”

“न्हाई काकू. माझी मी आले.”

आणि पूजानं सांगितलं. भाषणासारखं नाही. कुठून सुरू करायचं तेच कळेना, म्हणून तबकापासून केलं, मग टाळ्या, मग गाणं, मग ‘सुखानं नांद’. कोण कोण उभं होतं तेही सांगितलं. भामाबाई रांजणापाशी उभी राहून पायावर पाणी ओतत होती. पाय धुऊन झाले तरी ओतत राहिली.

“मूठ मूठ टाकलंस?” तिनं शेवटी विचारलं.

“व्हय.”

“मी घड निवडताना एक मणी तडकलेला ठेवला न्हाई.” ती खाली बसली. “आन् मला वाटत ऱ्हायलं, माझ्या चौघींतल्याच कुणीतरी घात केला. धाकट्या जावंच्या म्हायेरच्या बायका लावत्यात कुंकू. आदल्या दिशी ती म्हायेरी जाऊन आलती. मी तिला नाय नाय ते बोलले. म्हटलं, तुझ्या पदराला लागून आलं. ती रडून सांगत हुती, वैनी, न्हाई वो. मी ऐकलं न्हाई. आठ दिस आमच्या चुली एकमेकींशी बोलत न्हाईत.”

हे पूजाला ठाऊक नव्हतं. हे तिच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणी पंगतीत काढलं नसतं.

“काकू, मी उद्या साहेबांना सांगते, माझ्या हातनं—”

“तुझ्या घरात मोठी माणसं हुती की चार-पाच. त्यांना तोंड न्हाई व्हय? पोरीला म्होरं करत्यात?” भामाबाईचा आवाज चढला नाही, खालीच गेला. “माझ्या सासूनं छप्पन साली कपाळ पुसलं. तवा गावानं तिला कामाला बोलवायचं सोडलं. कुंकू पुसलं म्हणून. आन् आता तेच कुंकू माझ्या डोक्यावर घालून मला कामावरनं काढता? कसं बरोबर हाय गं तुमचं? लावलं न्हाई तरी आमी, लावलं तरी आमीच?”

पूजा रडली नाही. रडावं असं वाटत होतं, पण इथं रडायचा आपल्याला हक्क नाही हे तिला न सांगता कळलं. आम्रपालीनं भांडी पालथी घातली आणि आईशेजारी जाऊन बसली.

“उद्या सायेब कवा येणार?”

“दहाच्या सुमाराला.”

“मी येते,” भामाबाई म्हणाली. “जावंला घिऊन येते. तिला धरून चौघींना घिऊन येते. मदत बंद करायची का चालू ठेवायची, ते सायेब बघंल. पर त्येनं एकदा आमच्या पाच जणींच्या तोंडाकडं बघून घ्यावं.”

“काकू, मदत बंद झाली तर आकारामकाका, कोंडीबाकाका—”

“झाली तर झाली. त्या कांद्याच्या रानात मी काय हौसंनं गेले?” मग जरा थांबून म्हणाली, “तू जा आता. तुझं काय ते तू बघ.”

परत येताना उन्हं कलली होती. शेडमधून पाण्याचा आवाज येत होता. आई-आप्पा दोघंच उद्यासाठी शेड धूत होते. आप्पा बादलीनं पाणी मारत होते आणि आई खराट्यानं ओढत होती. साताऱ्याची मंडळी सोप्यात चहा घेत होती. प्रशांतचं हसणं इथवर ऐकू येत होतं.

“कुठं गेलतीस?” आईनं विचारलं.

“भामाकाकूकडं.”

आप्पांच्या हातातली बादली टेकली. “काय बोललीस?”

“समदं.”

“समदं म्हंजी?”

“तबकापासनं. कोण कोण उभं होतं, कुणी काय म्हटलं, समदं. ती उद्या येणार हाय. पाचजणी येणार हायत.”

आईनं कपाळावर हात मारला. “अगं सटवे, तुला कळतंय का काय केलंस? संघ बुडंल. तात्यांचं नाव जाईल. गाव आपल्या दारात शेण फेकंल.”

“कळतंय आई.”

“काय कळतंय तुला?” आप्पा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. “बोटीचं भाडं समदं आपल्या अंगावर आलं तर एक पेटी जायची न्हाई पुन्ना. मी माझ्या हातानं बोलवलं लोकांना, माल द्या म्हणून. आता त्यांच्या तोंडाकडं कुठनं बघू?”

“आणि भामाकाकूच्या तोंडाकडं?”

आप्पांनी बादली फरशीवर पालथी केली. पाणी नालीतून वाहून गेलं. आई खराट्यावर रेलून उभी राहिली आणि एकदम म्हातारी दिसली.

पूजा ओल्या फरशीवर त्या दोघांसमोर येऊन उभी राहिली. आवाज तिला तिचा वाटेना. बारीक आणि खरखरीत आला.

“प्रशांतदादा म्हणतोय तसं मी उद्या बोलणार न्हाई. खेळता खेळता पडलं, घरात कुणाला ठाऊक नव्हतं, असलं काही मी सांगणार न्हाई. मला विचारलं तर जे झालं तेच सांगणार, आणि न विचारलं तर हात वर करून सांगणार. तुम्ही मला खोलीत कोंडलंत तर खिडकीतून सांगीन. आप्पा, उद्या साहेब आले की आपलं घर एका बाजूला उभं असेल आणि त्या पाचजणी दुसऱ्या. मी त्यांच्या बाजूला उभी राहणार हाय. तुम्ही कुठं उभं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”